सोलापूर परिसरातील वटवाघळे : प्रकल्प नोंदी (नोव्हेंबर २०२४ ते जून २०२५)

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपली आणि आज प्रकल्पाच्या कामाला रीतसर सुरुवात झाली. प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गातील काही विद्यार्थी, वनस्पतिशास्त्र विभागातील एक सहकारी आणि मार्गदर्शक म्हणून मी, असा हा गट आहे. विषय मुद्दाम दोन भागांचा ठेवला आहे. सोलापूर शहरात आणि लगतच्या गावांत कोणत्या जातींची वटवाघळे कोठे राहतात आणि त्यांचे वर्षाचे चक्र कसे चालते, हा पहिला भाग. येथील माणसे त्यांच्याविषयी काय मानतात आणि त्या मानण्याचा वटवाघळांच्या टिकून राहण्याशी काही संबंध आहे का, हा दुसरा.

नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, त्यामुळे या जिल्ह्यात वन्यजीव म्हटले की माळढोक, काळवीट आणि लांडगा एवढीच नावे पुढे येतात. वटवाघळाकडे कोणी वन्यजीव म्हणून पाहत नाही. वास्तविक जगात वटवाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती आहेत, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींमागे साधारण एक जात वटवाघळाची आहे, आणि भारतात त्यांतल्या सुमारे सव्वाशे ते एकशे तीस जाती आढळतात. पंख हलवून खऱ्या अर्थाने उडणारा सस्तन प्राणी एवढाच. उडणारी खार किंवा तत्सम प्राणी फक्त तरंगत खाली येतात.

कामाचे नियम आज ठरवले. कोणतेही वटवाघूळ पकडायचे नाही आणि पडलेल्याला हात लावायचा नाही. बंद खोलीत किंवा तळघरात मास्कशिवाय जायचे नाही, कारण साचलेल्या लेंड्यांच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असू शकतात आणि ते श्वासावाटे फुप्फुसात जातात. वसाहतींचे नेमके पत्ते या नोंदींत दिलेले नाहीत, कारण पत्ता कळल्यावर तेथे गुलेल आणि फटाके घेऊन कोण पोचेल याचा भरवसा नाही.

२४ नोव्हेंबर २०२४

शहरालगतच्या एका गावातील वडावर आणि शेजारच्या दोन चिंचांवर मोठ्या फलाहारी वटवाघळांची वसाहत आहे. शास्त्रीय नाव टेरोपस मेडियस. जुन्या पुस्तकांत हीच जात टेरोपस जायगँटियस या नावाने सापडते. पंख पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंत १.२ ते १.५ मीटर आणि वजन दीड किलोच्या आसपासपर्यंत, असा हा प्राणी आहे. तोंड कोल्ह्यासारखे, मानेभोवती तांबूस-पिवळसर केस आणि डोळे मोठे. ही जात अंधारात ध्वनीच्या आधारे मार्ग काढत नाही. तिचा सारा भर दृष्टीवर आणि वासावर आहे, त्यामुळे ‘वटवाघूळ आंधळे असते’ हे वाक्य निदान या जातीला मुळीच लागू पडत नाही.

विद्यार्थ्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो अपेक्षित होता : झोपेत ती खाली कशी पडत नाहीत? पायाच्या बोटांतून जाणाऱ्या स्नायुबंधाला आणि त्याभोवतीच्या आवरणाला बारीक दाते असतात. शरीराचे वजन खाली ओढले गेले की बोटे आपोआप मिटतात आणि ते दाते एकमेकांत अडकतात, प्लास्टिकच्या दातेरी बांधपट्टीसारखे. म्हणजे लटकून राहण्यासाठी स्नायूंचे बळ खर्च होत नाही, खर्च होतो तो पकड सोडवताना. त्यामुळे मेलेले वटवाघूळही पुष्कळदा फांदीलाच लोंबकळत राहते. विजेच्या तारांवर वाळलेली शरीरे दिसतात त्यालाही हे एक कारण आहे. मलमूत्र विसर्जनाच्या वेळी मात्र ते अंगठ्यांच्या नख्यांनी फांदी धरून डोके वर करते आणि काम झाले की पुन्हा उलटे होते. गावातील एका आजोबांनी ही गोष्ट आम्ही सांगण्याआधीच अचूक सांगितली. त्यांचे बालपण याच वडाखाली गेले होते.

संध्याकाळी सूर्यास्तानंतर साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी पहिली वटवाघळे उठली. मोजणीची पद्धत अशी ठेवली आहे की चौघांनी चार दिशांना आकाशाकडे तोंड करून उभे राहायचे, आपापल्या पट्ट्यातून जाणारी वटवाघळे हातातल्या गणकावर मोजायची आणि पूर्ण अंधार पडल्यावर थांबायचे. दिवसा झाडावर मोजलेला आकडा दाट पानांमुळे नेहमी कमीच येतो. आजचा अंदाज काही शेकड्यांचा आहे. अधिक काटेकोर आकडा लिहिण्याची घाई करणार नाही.

वसाहत दिसते तशी विस्कळीत नसते. फांदीफांदीवर मानापमान असतो. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ गेरहार्ड नॉयवायलर यांनी १९६० च्या दशकात मद्रासजवळच्या वसाहतीत याच जातीचा अभ्यास करून दाखवले, की नरांमध्ये जागांची उतरंड असते आणि मोक्याच्या जागा बलवान नर राखतात. येथेही दुपारभर चाललेली किचकिच, पंख उगारणे आणि शेजाऱ्याला सरकवणे हे त्याचेच दृश्य रूप आहे. जुलै ते ऑक्टोबर हा मीलनाचा काळ मानला जातो आणि गर्भधारणा १४० ते १५० दिवसांची असते. त्यामुळे आज झाडावर दिसलेल्या माद्यांपैकी बऱ्याच गाभण असाव्यात.

१५ डिसेंबर २०२४

आजचा दिवस लहान, कीटकभक्षी वटवाघळांसाठी होता. सोलापुरात ही सर्वत्र आहेत, फक्त दिसत नाहीत. माळवदाच्या जुन्या घरांत तुळईच्या फटीत, गिरणगावातील चाळींच्या भिंतींना पडलेल्या भेगांत, दुकानांच्या पाट्यांमागे आणि रोलिंग शटरच्या पेटीत ती दिवस काढतात. त्यांना लोक पाकोळी म्हणतात. बहुतेक पाकोळ्या पिपिस्ट्रेल गटातील असून एकेकीचे वजन काही ग्रॅमच भरते. माळवदाची घरे पाडून सिमेंटच्या इमारती उभ्या राहत आहेत आणि नव्या इमारतींना फटी ठेवत नाहीत, ही त्यांची खरी अडचण आहे.

घरात सापडलेल्या लेंड्या उंदराच्या की पाकोळीच्या हे ओळखण्याची सोपी खूण विद्यार्थ्यांना दाखवली. वाळलेली लेंडी कागदावर ठेवून काडीने दाबली असता ती भुसभुशीत होऊन फुटली आणि चुऱ्यात किड्यांच्या कवचाचे चमकणारे तुकडे दिसले, तर ती पाकोळीची. उंदराची कडक राहते.

भुईकोट किल्ल्याच्या तटाबाहेरून संध्याकाळी ध्वनिग्राहक यंत्र लावले. माणसाला जास्तीत जास्त २० किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि पाकोळ्यांची हाक त्याच्या कितीतरी वर असते. यंत्र तो आवाज खाली उतरवून आपल्याला ऐकवते. चाळीस किलोहर्ट्‌झच्या पुढे लावल्यावर टकटक ऐकू आली. नंतर तीस-पस्तीसच्या दरम्यान वेगळी, लांबट, एकसुरी हाक मिळाली, तेव्हा शेपटीवाल्या वटवाघळाचा, म्हणजे रायनोपोमाचा, संशय आला. उंदरासारखी लांब, मोकळी शेपटी असलेली ही वटवाघळे कोरड्या प्रदेशांत, जुन्या किल्ल्यांत आणि तळघरांत राहतात. इजिप्तच्या पिरॅमिडांतही यांच्या मोठ्या जातीची नोंद आहे. नाकपुड्या मिटून धूळ अडवण्याची आणि पोटाच्या मागच्या भागात चरबी साठवून किड्यांच्या टंचाईचे दिवस काढण्याची सोय त्यांच्यात आहे, त्यामुळे दख्खनच्या पठारावर त्यांचे भागते. केवळ आवाजावरून जात निश्चित लिहिणे योग्य नाही, म्हणून नोंदवहीत ‘बहुधा’ हा शब्द ठेवला आहे.

या ध्वनिविद्येचा इतिहास वर्गात सांगितला. इटलीतील लाझारो स्पालानझानी याने १७९३ च्या सुमारास वटवाघळांची दृष्टी काढून घेऊनही ती अडथळे चुकवतात हे दाखवले. जिनिव्हाच्या लुई झुरीन याने कान बंद केल्यावर ती आपटतात हे दाखवले. परंतु ऐकू न येणाऱ्या आवाजाची कल्पनाच तेव्हा कोणाला पटणारी नव्हती आणि हे निष्कर्ष जवळजवळ दीडशे वर्षे बाजूला पडून राहिले. १९३८ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील यंत्रासमोर वटवाघळे नेली आणि त्यांचा आवाज प्रथमच माणसाच्या कानी पडला. पुढे रॉबर्ट गॅलाम्बोस याच्याबरोबर त्याने पुरावा पक्का केला. शोधात असलेली पाकोळी सेकंदाला दहाच्या आसपास हाका देते. किडा हेरल्यावर हाका दाट होत जातात आणि झडप घालताना त्यांचा वेग सेकंदाला दोनशेच्या जवळ पोचतो. यंत्रातून तो क्षण फाटलेल्या कापडाच्या आवाजासारखा येतो. आज रस्त्याच्या दिव्याखाली तो अनेकदा ऐकू आला.

किल्ल्याच्या आत दिवस आणि रात्र सारखीच काळोखी असते, मग संध्याकाळ झाल्याचे यांना कसे कळते, असे एका विद्यार्थिनीने विचारले. याचे उत्तर मदुराईत मिळाले आहे. एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका काळोख्या गुहेत काही वटवाघळे पिंजऱ्यात ठेवली. गुहेतील मोकळी वटवाघळे रोज ये-जा करीत असेपर्यंत पिंजऱ्यातल्यांचे घड्याळ बाहेरच्या दिवसाशी जुळून राहिले. सोबत नसलेल्यांचे घड्याळ मात्र हळूहळू स्वतःच्या लयीने सरकत गेले. वेळ एकमेकांकडून कळते, हे त्यातून सिद्ध झाले. माझ्या मते वटवाघळांवर भारतात झालेल्या प्रयोगांत याहून देखणा प्रयोग नाही.

भित्तिपत्रकासाठी विद्यार्थ्यांनी ‘एक वटवाघूळ तासाला हजार डास खाते’ हे वाक्य आणले होते. ते वगळले. तो आकडा अमेरिकेतील एका लहान जातीच्या बंद खोलीतील प्रयोगावरून, काही मिनिटांची कामगिरी तासांत गुणून, तयार झालेला आहे. सोलापूरच्या डासांविषयी तो काहीही सांगत नाही. एका रात्रीत पाकोळी आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके किंवा त्याहून अधिक किडे खाऊ शकते, एवढे लिहिले तरी पुरे आहे.

१८ जानेवारी २०२५

सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा सुरू आहे. शोभेच्या दारूकामाच्या रात्री तळ्याकाठच्या झाडांवर येणारी लहान फळवटवाघळे दिसली नाहीत, दुसऱ्या रात्री आली. एका रात्रीवरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. तमिळनाडूत काही गावे वटवाघळांच्या वसाहतीसाठी दिवाळीतही फटाके उडवत नाहीत, ही माहिती विद्यार्थ्यांना सांगितली तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही.

९ फेब्रुवारी २०२५

मुलाखतींचा भाग आज जवळजवळ पूर्ण झाला. सोलापूर हे मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषांचे शहर असल्याने एकाच गल्लीत एकच प्राणी वटवाघूळ, गब्बिलम आणि बावली या नावांनी भेटला.

बहुतेकांनी आधी भीतीच सांगितली. वटवाघूळ घरात शिरणे अशुभ असते, ते केसांत अडकते, कानाला चिकटले की सुटत नाही, रक्त पिते. यातील रक्त पिण्याची गोष्ट सर्वाधिक पक्की आहे आणि ती चित्रपटांतून आली असावी, कारण रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या केवळ तीनच जाती आहेत आणि त्या मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच सापडतात. आपल्याकडील मेगाडर्मा वटवाघूळ मांसाहारी आहे खरे. उंदीर, बेडूक, पाली आणि लहान पक्षी ते खाते, आणि एका पडक्या वाड्याच्या देवडीत त्याच्या बसण्याच्या जागेखाली आम्हाला पतंगांच्या पंखांचा खच आणि बेडकांचे पाय मिळाले. परंतु रक्त पिण्याशी त्याचा संबंध नाही. दमा आणि सांधेदुखीवर वटवाघळाची चरबी किंवा मांस गुणकारी असते, हा समजही भेटला. त्याला वैद्यकीय आधार नाही आणि आजाराच्या दृष्टीने तो घातकही आहे.

दुसरीकडे, मोठ्या वसाहती जेथे शिल्लक आहेत त्यांतील बहुतेक झाडे देवस्थानाची, पिराची किंवा ‘ज्यावर काहीतरी आहे’ अशी मानलेली आहेत. वडावर भूत आहे असे गावाने ठरवले की कुऱ्हाड थांबते. याला श्रद्धा म्हणावे की भीती, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. दोन्हींमुळे झाड शंभर वर्षे उभे राहिले आणि वसाहत टिकली. अडचण एवढीच, की असे संरक्षण झाडाला असते, वटवाघळाला नसते. ट्रस्टने नवे सभागृह बांधायचे ठरवले की भूत आड येत नाही.

शाळेत ऐकलेली गोष्ट जवळजवळ प्रत्येकाला आठवली : पशू आणि पक्षी यांच्यात युद्ध झाले, वटवाघूळ जिंकणाऱ्या बाजूला जात राहिले, आणि शेवटी दोघांनीही त्याला हाकलले. चीनमध्ये याच प्राण्याची पाच चित्रे एकत्र काढली की पाच सुखांची खूण होते. आपल्या कथेत तो दोन्हीकडून बाहेर पडलेला आहे.

आणि हे बाहेर पडलेपण ज्याने उलटे करून वापरले त्या कवीची आठवण पूर्व भागातील एका विणकर कुटुंबात निघाली. घरातील अव्वांनी, म्हणजे आजींनी, सांगितले, की त्यांच्या वडिलांना जाषुवांची ‘गब्बिलम’ पाठ होती. गुर्रम जाषुवा (१८९५ ते १९७१) यांचे हे तेलुगू काव्य १९४१ चे. रचना मेघदूताच्या धाटणीची आहे, फरक दूताचा आहे. देवळात पाऊल ठेवण्याची ज्याला बंदी आहे असा एक उपाशी दलित माणूस आपले गाऱ्हाणे शिवापर्यंत पोचवण्यासाठी वटवाघळाला काशीला पाठवतो, कारण त्याला गाभाऱ्यात लटकायला कोणी अडवत नाही. ज्या प्राण्याला अपशकुनी म्हणून झाडूने हाकलतात त्याला गाभारा मोकळा आणि माणसाला उंबरा बंद, हा विरोध कवीने ज्या जागी बोट ठेवून दाखवला ती जागा प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही खरी आहे. काळोख, स्थिर तापमान आणि माणसांची कमी वर्दळ यांमुळे जुन्या देवळांचे गाभारे आणि शिखरांच्या पोकळ्या हे वटवाघळांचे आवडते निवारे आहेत. अव्वांनी दोन ओळी तेलुगूत म्हटल्या. विद्यार्थ्यांपैकी दोघांना त्या समजल्या.

२ मार्च २०२५

वडाच्या वसाहतीत पिल्ले दिसू लागली. मादीला वर्षाला एकच पिल्लू होते, आणि या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाची वस्तुस्थिती बहुधा हीच आहे. उंदराच्या आकारमानाचे प्राणी वर्षाला डझनभर पिल्ले देतात, त्यामुळे त्यांची हानी लवकर भरून निघते. वटवाघळे मात्र दीर्घायुषी आणि संथ प्रजननाची आहेत. बंदिस्त स्थितीत ही मोठी जात तीस वर्षांपर्यंत जगल्याची नोंद आहे. एका वाईट दिवशी शंभर माद्या मेल्या तर ती खोट भरून यायला अनेक वर्षे जातात.

पहिले काही आठवडे पिल्लू आईच्या पोटाला, स्तनाग्र तोंडात धरून, चिकटलेले असते आणि रात्री तिच्याबरोबर उडते. वजन वाढल्यावर आई त्याला झाडावरच ठेवून चरायला जाते. ते साधारण अकराव्या आठवड्यात उडू लागते, दूध मात्र पाचव्या महिन्यापर्यंत चालते. फेब्रुवारी ते मे हा जन्मांचा काळ धरला, तर पुढचे हिशेब यावरूनच करावे लागतील.

शहरातील सोसायट्यांच्या कुंपणालगत लावलेल्या उंच अशोकांत (आसुपालव) लहान फळवटवाघळे, सायनोप्टेरस स्फिंक्स, भेटली. तोंड कुत्र्याच्या पिल्लासारखे, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. यांचे नर ताडवर्गीय झाडांच्या पानांचे दांडे आणि वेलींचे कोंब चावून आतून पोकळ असा मांडव तयार करतात आणि तो राखतात, माद्या त्यात येऊन राहतात. रहिवाशांची तक्रार भिंतीवरच्या पिवळ्या-जांभळ्या शिंतोड्यांची होती. तक्रार रास्त आहे. घराच्या भिंतीला लागून असलेल्या फांद्या थोड्या मागे घेतल्या तर पुष्कळ फरक पडतो, एवढेच सांगता आले.

२३ मार्च २०२५

बागायतदारांशी बोलणे आवश्यक होते, कारण या जिल्ह्याची ओळख डाळिंब आणि द्राक्षे ही आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही शहरालगत केगावलाच आहे.

द्राक्षबागायतदारांची हरकत खरी आहे. लहान फळवटवाघळे पिकलेल्या घडांवर येतात आणि खातात त्याहून जास्त सांडतात. जाळी हा उपाय आहे, परंतु ती घट्ट ताणलेली आणि बारीक घराची हवी. सैल नायलॉनच्या जाळ्यात वटवाघळे, घुबडे आणि साप अडकून मरतात. डाळिंबाची गोष्ट निराळी आहे. तेथे रात्री फळाला सोंड खुपसून रस शोषणारे पतंग नुकसान करतात, त्या छिद्रातून कूज शिरते आणि फळ गळते. पतंग हे मोठ्या कीटकभक्षी वटवाघळांचे नेहमीचे खाद्य आहे. आपल्या भागात ते या पतंगांना किती प्रमाणात आवरतात याचे मोजमाप या प्रकल्पाच्या आवाक्यातले नाही, म्हणून अहवालात ‘शेतकऱ्याचा मित्र’ हे शीर्षक मी कापले.

वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी वडाखाली पसरलेल्या कापडावरची विष्ठा आणि चोथे तपासले. फलाहारी वटवाघूळ फळ टाळूवर दाबून रस पिते आणि चोथा थुंकते. बारीक बिया पोटात जातात आणि तासाभराच्या आतच, बहुधा उडताना, बाहेर पडतात. कापडावर वड, पिंपळ आणि उंबराचे बी होते. कडुनिंबाच्या निंबोळ्या पिकल्या की त्यांच्या बियाही मिळतील. कोरड्या माळावर बांधाकडेला, विजेच्या खांबाखाली आणि पडक्या भिंतीवर उगवलेले कडुनिंब आणि पिंपळ कोणी लावले, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर येथे आहे. पक्षी फांदीवर बसून बी टाकतात, म्हणजे ते बहुतेक झाडाखालीच पडते. वटवाघळे उघड्यावरून उडताना टाकतात.

२० एप्रिल २०२५

पारा ४२ अंशांच्या पुढे गेला आहे. दुपारी वसाहतीखाली थांबून उष्णतेची लक्षणे क्रमाने नोंदवली : आधी पंख्यासारखे पंख हलवणे, मग खोडाच्या सावलीच्या बाजूला सरकणे, मग धापा, आणि शेवटी लाळेने छाती व पंख ओले करणे. वटवाघळांना घाम येत नाही, त्यामुळे लाळेचे बाष्पीभवन हाच त्यांचा थंडावा आहे आणि त्यासाठी शरीरातले पाणी खर्च होते. ऑस्ट्रेलियात ४२ अंशांच्या पुढे याच कुळातील वटवाघळे हजारोंनी मेल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे मे २०२० मध्ये गोरखपूर जिल्ह्यात मेलेल्या वटवाघळांची बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा कारण उष्माघात निघाले. त्या दिवसांत लोकांनी ते करोनाशी जोडले होते.

संध्याकाळी कंबर तलावावर वटवाघळे पाण्याला पोट घासून उडताना दिसली. छातीचे केस भिजवून झाडावर बसायचे आणि ते चाटायचे, अशी त्यांची पाणी पिण्याची रीत आहे. म्हणजे उन्हाळ्यात वसाहतीला दोन गोष्टी लागतात : दाट पालवीची सावली आणि जवळ उघडे पाणी. यांतली पहिली गोष्ट नेमकी याच महिन्यांत आपण कापतो, याची चौकशी पुढच्या आठवड्यात करायची आहे.

११ मे २०२५

शहरातील एका निवासी वसाहतीच्या रहिवाशांनी बैठकीला बोलावले होते. विषय मोठ्या चिंचेच्या छाटणीचा होता, परंतु चर्चा सुरू झाली निपाहपासून, कारण केरळमधील मलप्पुरमच्या रुग्णाची बातमी नुकतीच आली आहे.

जे माहीत आहे ते सरळ सांगितले. टेरोपस गटातील वटवाघळे निपाह विषाणूची नैसर्गिक वाहक आहेत. विषाणू १९९८-९९ मध्ये मलेशियात ओळखला गेला, भारतात २००१ मध्ये सिलिगुडीला आणि २००७ मध्ये नदिया जिल्ह्यात रुग्ण आढळले, २०१८ पासून केरळमध्ये तो पुनःपुन्हा दिसला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाहविरोधी प्रतिपिंडे मिळाली. त्यामुळे ‘काही होत नाही’ असे आम्ही म्हटले नाही. उष्टे किंवा चावलेले फळ खाऊ नये, शिंदीच्या झाडाला लावलेली मडकी झाकावीत, पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने उचलू नये, चावा किंवा ओरखडा झाल्यास साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जावे. एवढे पाळले की झाडावरची वसाहत आणि खालचे घर यांच्यात पुरेसे अंतर राहते. दगड मारून आणि फटाके लावून वसाहत उठवली, तर घाबरलेले, मलमूत्र सांडणारे, जखमी प्राणी घराघरांत पसरतात, म्हणजे नेमका जो संपर्क टाळायचा तोच घडतो.

नंतर मुद्द्यावर आलो. पावसाळापूर्व छाटणी एप्रिल-मे महिन्यांत होते, कारण वळवाच्या वाऱ्यात फांद्या पडतात आणि तारा तुटतात. तेव्हाच झाडावर न उडणारी पिल्ले असतात आणि ऊनही सर्वांत तीव्र असते. एका काकांनी सद्हेतूने सुचवले, की मग रात्री छाटू, तेव्हा ती बाहेर गेलेली असतात. वास्तविक हा पर्याय सर्वांत वाईट आहे, कारण रात्री माद्या जातात आणि मोठी झालेली पिल्ले फांदीवर एकटी मागे राहतात. फांदी पडते तेव्हा ती तिच्याबरोबरच खाली येतात.

कायद्याविषयीही विचारणा झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फलाहारी वटवाघळे कावळा, उंदीर आणि घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. पन्नास वर्षे त्यांना मारण्यास आडकाठी नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून बदल लागू झाला. झाडासाठी १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्र वृक्ष कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते. ही चिंच निश्चितच त्यात बसते. बैठकीत छाटणी पुढे ढकलण्याचे ठरले. तारेला टेकणाऱ्या एका बाजूच्या फांद्या, ज्यांवर वटवाघळे बसत नाहीत, त्या मात्र काढल्या जातील, आणि तो निर्णय योग्य आहे.

१ जून २०२५

यंदा मे महिन्याच्या अखेरीसच पाऊस आला. चिंचेखाली पडलेल्या फांद्यांची पाहणी केली. एक वाळलेली मोठी फांदी तुटली होती. ती डिसेंबरमध्येच वाळलेली दिसत होती आणि तेव्हा काढता आली असती. हा एक दाखला, छाटणी उन्हाळ्याऐवजी थंडीत करावी या आमच्या मागणीला, पुढील कोणत्याही भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडेल, म्हणून डिसेंबरमधील आणि आजचे छायाचित्र शेजारी शेजारी लावले आहे.

पाकोळ्यांसाठी वेगळे टिपण तयार केले. जुन्या घराची डागडुजी करताना फट सिमेंटने अचानक बुजवू नये. आधी पिल्ले नाहीत याची खात्री करावी, मग फटीवर वरून चिकटवलेला आणि खाली मोकळा असा जाळीचा पडदा काही रात्री ठेवावा, म्हणजे आतल्या पाकोळ्या बाहेर पडतात आणि परत शिरू शकत नाहीत. त्यानंतरच फट बुजवावी.

१५ जून २०२५

वडाच्या वसाहतीतील पहिली पिल्ले उडू लागली आहेत, परंतु उशिरा जन्मलेली अजून फांदीवरच आहेत. त्यामुळे छाटणीचे वेळापत्रक पुढीलप्रमाणे पक्के केले. फेब्रुवारी ते जुलै या काळात वसाहतीच्या झाडाला हात लावू नये. ऑगस्ट ते ऑक्टोबर मीलनाचा काळ असल्याने शक्यतो टाळावा. नोव्हेंबर ते जानेवारीत, तेही एका हंगामात झाडाचा एकाच बाजूचा थोडा भाग, सकाळी ऊन चढण्याआधी छाटावा आणि वाळलेल्या फांद्यांची तपासणी डिसेंबरमध्ये पूर्ण करावी. मे महिन्यात फक्त तारेला टेकणारी, वटवाघळे नसलेली फांदी काढावी. रात्री छाटणी करू नये.

हे टिपण मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत छापायचे आहे. मराठी मसुदा उद्यान विभागाकडे आणि ज्या देवस्थानांच्या झाडांवर वसाहती आहेत त्यांच्या विश्वस्तांकडे पाठवला. तेलुगू मजकूर विणकर कुटुंबातील एका विद्यार्थिनीने केला असून तो अव्वांकडे वाचायला दिला आहे. कन्नड मजकूर अक्कलकोटकडील एक शिक्षक पाहत आहेत. मोजणीची पुढची फेरी नोव्हेंबरमध्ये, त्याच झाडांवर, त्याच पद्धतीने घ्यायची आहे आणि त्या वेळी कोणत्या फांद्या कापल्या गेल्या आहेत याची नोंद वसाहतीच्या आकड्याशेजारी करायची आहे.